बिबट्या, मांडूळ आणि व्हॉट्सअ‍ॅप: वन्यजीवांबद्दलच्या अफवांविषयी पुण्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्नर-शिरूरच्या उसात बिबट्या आहे, सासवड-सुप्याच्या माळावर लांडगा आणि चिंकारा आहे, मुळशी-मावळातून कधी गवा उतरतो आणि सापांना तर पेठाही वर्ज्य नाहीत. एवढा शेजार असलेल्या जिल्ह्यात एक चुकीचा फॉरवर्ड काय करू शकतो, हे खालच्या उत्तरांत आहे. सगळं वाचायची गरज नाही, आपल्याला लागणारा प्रश्न शोधा.

सोसायटीच्या ग्रुपवर बिबट्याचा व्हिडिओ आला आहे. खरा की खोटा, कसं ओळखायचं?

आधी पाठवणाऱ्याला विचारा: "हा तुम्ही स्वतः काढलाय का?" दहापैकी नऊ वेळा उत्तर येतं, "नाही, दुसऱ्या ग्रुपवर आला." मग त्या ग्रुपवर कुणी टाकला, ते विचारा. दोन पायऱ्या मागे गेल्यावर माणूस सापडला नाही, तर तो व्हिडिओ पुढे पाठवायचा नाही. फक्त एवढं केलं तरी निम्मा गोंधळ थांबतो.

पुढची तपासणी पाच मिनिटांची आहे. व्हिडिओ सुरुवातीलाच थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्समध्ये टाका. तीच चौकट दोन-तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्यात किंवा देशात दिसली, तर विषय संपला. ती नाही सापडली, तर मधली आणि शेवटची चौकट टाकून बघा, कारण जुना व्हिडिओ कापून, उलटा फिरवून किंवा वर मराठी मजकूर चिकटवून पाठवला जातो. मग आजूबाजूला पाहा: दुकानाची पाटी कोणत्या लिपीत आहे, गाडीच्या नंबरप्लेटवर 'एमएच' आहे का, गाड्या डावीकडून चालतात का, झाडं आपल्याकडची आहेत का. आवाजही ऐका. मागे बोलणारी माणसं कोणत्या भाषेत बोलतात, हे फॉरवर्ड करणारे सहसा ऐकतच नाहीत.

प्राणीही नीट बघा. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके भरीव नसतात, पाकळ्या जुळवून केलेल्या पोकळ कड्यांसारखे असतात. त्या कड्यांच्या आत पुन्हा बारीक ठिपके असतील तर तो दक्षिण अमेरिकेतला जॅग्वार आहे. ठिपके भरीव आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ असेल तर चित्ता. आणि हे दोन्ही हिंजवडीत येत नाहीत.

एआयनं बनवलेला फोटो असेल तर?

तो गूगल लेन्समध्ये सापडणार नाही, म्हणून जास्त त्रासदायक. ठिपके एकमेकांत वितळल्यासारखे दिसतात का, पाय चार आणि जिथल्या तिथे आहेत का, सावली दिव्याच्या विरुद्ध बाजूला पडते का, गेटचे गज प्राण्याच्या मागे सरळ जातात की मध्येच वाकतात, पाटीवरची अक्षरं वाचता येतात का, हे बघा. सीसीटीव्हीचं दृश्य म्हणून आलं असेल तर कोपऱ्यात तारीख-वेळ हवी. त्याच कॅमेऱ्याचं आधीचं आणि नंतरचं रेकॉर्डिंगही सोसायटीच्या कार्यालयात असायला हवं. ते मागा.

पण एक सावधगिरी: चूक सापडली नाही म्हणजे फोटो खरा, असं होत नाही. ही साधनं महिन्यागणिक सुधारतात. शेवटी भरवसा ठेवायचा तो प्रत्यक्ष जागेवर. ठसे, विष्ठा, केस, ट्रॅप कॅमेरा (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा).

खोटा समजून सोडून दिला आणि खरंच बिबट्या असला तर?

रास्त भीती आहे. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली. त्यामुळे "बिबट्या काही करत नाही" हा दिलासाही तितकाच खोटा आणि तितकाच घातक. म्हणून नियम असा ठेवा: ग्रुपवर पाठवायचं नाही, पण वन विभागाला कळवायचं. महाराष्ट्र वन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६ आहे.

फोनवर नेमकं सांगा. ठिकाण (जवळची खूण किंवा गट नंबर), वेळ, प्राणी कोणत्या दिशेला गेला, शेपटी केवढी होती, तुम्ही स्वतः पाहिला की ऐकलंत. शेपटी महत्त्वाची आहे. बिबट्याची लांब असते आणि टोक वर वळलेलं असतं. पाठ मागे उतरती, अंगावर पट्टे आणि शेपूट झुबकेदार असेल तर तो तरस. गुडघ्याएवढा, बिनठिपक्यांचा आणि आखूड शेपटीचा असेल तर रानमांजर.

ठसा दिसला तर त्यावर पाय पडू देऊ नका. शेजारी नाणं किंवा पेन ठेवून वरून सरळ फोटो काढा आणि पाऊस असेल तर घमेलं पालथं घाला. बिबट्याचा ठसा साधारण ७ ते ९ सेंटिमीटर रुंद, गोलसर असतो. त्यात नखं उमटत नाहीत आणि मागच्या गादीला खाली तीन फुगवटे दिसतात. कुत्रा आणि तरस यांची नखं उमटतात. बिबट्याचे म्हणून आलेले बरेच ठसे गल्लीतल्या मोत्याचे निघतात.

खोट्या खबरीनं एवढं काय बिघडतं? फार तर लोक सावध राहतील.

वनपरिक्षेत्रात रात्रीच्या गस्तीला माणसं मोजकी, गाडी एखादी, ट्रॅप कॅमेरे मोजके. ही सगळी फौज खोट्या व्हिडिओमागे एका टोकाला गेली की ज्या वस्तीवर खरोखर शेळी उचलली गेली, तिथे पोहोचायला उशीर होतो. चौथ्या खोट्या खबरीनंतर पाचवी खरी असली तरी लोकच मनावर घेत नाहीत. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण मुलांना सांगतो आणि मोबाइल हातात आला की स्वतः विसरतो.

दुसरं नुकसान बिबट्याचं. घाबरलेलं गाव पिंजऱ्याची मागणी करतं, दबावाखाली पिंजरा लागतो आणि त्यात सापडतो तो त्या वाटेनं जाणारा कुठलाही बिबट्या. हल्ला करणारा तोच होता, याची खात्री पिंजरा देत नाही.

"वन विभागच बाहेरून बिबटे आणून इथे सोडतो" हे खरं आहे का?

या अफवेला जुना धागा आहे, म्हणून ती नुसती हसण्यावारी नेऊन चालत नाही. २००१ पासून जुन्नर वन विभागात मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसऱ्या जंगलांत सोडले गेले. उद्देश हल्ले कमी करण्याचा होता. झालं उलट. आधी वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते हा कार्यक्रम सुरू झाल्यावर सरासरी १७ वर गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला.

कारण बिबट्याच्या स्वभावात आहे. त्याचं क्षेत्र ठरलेलं असतं. अनोळखी जागी सोडला की तो परतायचा प्रयत्न करतो, वाटेत माणसांच्या वस्त्या लागतात आणि पकडापकडीचा ताण असतोच. इकडे रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा, बहुधा तरुण बिबट्या येतो. म्हणजे "आमच्याकडचा उचलून लांब नेऊन सोडा" ही मागणी करणारे आणि "बिबटे आणून सोडले" अशी तक्रार करणारे एकाच गोष्टीच्या दोन टोकांना उभे असतात.

जुन्नरच्या बिबट्यांना मुळात आणण्याची गरजच नाही. ऊस वर्षभर उभा असतो. आडोसा, पाणी, भटकी कुत्री, डुकरं सगळं तिथेच मिळतं आणि मादी पिल्लंही तिथेच घालते. पकडलेल्यांपैकी जे परत सोडता येत नाहीत ते माणिकडोहच्या निवारा केंद्रात ठेवले जातात.

कायद्याचंही लक्षात घ्या. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार बिबट्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत आहे. माणसाच्या जिवाला धोका ठरलेला प्राणी पकडण्याची किंवा मारण्याची परवानगी कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक देतात, स्थानिक वनरक्षक नाही. वनरक्षकाच्या अंगावर धावून जाऊन काही साधत नाही.

उसाच्या फडात पिल्लं सापडली. आईनं टाकली आहेत ना?

जवळजवळ कधीच नाही. मादी शिकारीला गेलेली असते आणि अंधार पडल्यावर परत येते. इथे दोन समजुती घात करतात. एक, पिल्लं अनाथ आहेत. दुसरी, माणसाचा हात लागला की आई पिल्लू घेत नाही. दुसरी तर साफ खोटी. जुन्नर भागात हाताळलेली पिल्लं आयांनी परत नेल्याची उदाहरणं ट्रॅप कॅमेऱ्यात आहेत.

सापडल्यावर तोड त्या बाजूला थांबवा, मुकादमाला सांगून टोळी मागे घ्या आणि १९२६ वर कळवा. पिल्लू मांडीवर घेऊन फोटो नको, दूध पाजणं तर नकोच. गाईच्या दुधानं जुलाब लागतात. पथक येऊन पिल्लं तपासतं आणि संध्याकाळी ती जिथे सापडली तिथेच क्रेटमध्ये ठेवतं. त्या रात्री बांधावर बॅटऱ्या घेऊन बघायला जमणं म्हणजे आईला अडवणं. पिल्लू नेल्यावर मादी दिवसेंदिवस त्याच शिवारात शोधत फिरते आणि त्या काळात ती जास्त चिडलेली असते. "अनाथ पिल्लांना वाचवलं" असा फोटो व्हायरल होतो, पण मागे राहिलेल्या गावानं काय भोगलं ते कुणी टाकत नाही.

गावाकडचे लोक "वाघ" म्हणतात, बातमीत "चित्ता" येतो. नेमकं कोण?

जुन्नर, आंबेगाव, खेडकडे बिबट्यालाच वाघ म्हणायची रीत जुनी आहे आणि बोलणाऱ्याची त्यात चूक नाही. घोळ होतो तो शहरात. "वाघ आला" हे वाक्य ऐकून कुणीतरी पट्टेरी वाघाचा फोटो जोडतो आणि पुण्यात ढाण्या वाघ उतरतो. बातमी लिहिणाऱ्यांनी पहिल्याच ओळीत बिबट्या हा शब्द वापरावा, चित्ता नाही.

२०२० मध्ये कोथरूडला गवा आला होता, तो कशानं मेला? त्यात अफवेचा काय संबंध?

९ डिसेंबर २०२० ला महात्मा सोसायटीच्या परिसरात गवा आला. खबर खोटी नव्हती, पण ती ज्या वेगानं आणि ठिकाणासह पसरली, त्यानं शेकडो लोक जमले. गवा तासन्‌तास पळत राहिला. एवढं मोठं अंग पळून तापतं, स्नायू निकामी व्हायला लागतात आणि त्यात भुलीचं औषध दिलं की शरीर ते पेलत नाही. पकडल्यानंतर तो मेला. त्याच महिन्यात बावधनच्या बाजूला दुसरा गवा दिसला, तेव्हा लोकांना लांब ठेवून त्याला वाट मोकळी करून दिली गेली आणि तो जंगलाकडे निघून गेला. दोन्हींमधला फरक होता तो गर्दीचा.

मांडूळ खरंच कोट्यवधींना विकलं जातं का?

मांडूळ हा बिनविषारी, बिळात राहणारा, उंदीर खाणारा साप. शेपूट बोथट असतं, म्हणून "दुतोंड्या". गुप्तधन दाखवतो, कर्करोग बरा करतो, पैशांचा पाऊस पाडतो, यातलं काहीही खरं नाही. घेणारा शेवटचा गिऱ्हाईक असा कुणी नसतोच. एक फसलेला दुसऱ्याला फसवतो, आणि "एवढ्या वजनाचं हवं" अशी अट घालत बोली वाढत जाते. वजन वाढवायला सापाच्या पोटात लोखंडी गोळ्या किंवा पारा भरल्याचे प्रकार उघड झाले आहेत.

इथे पत्रकारांना एक सांगायचं आहे. "तीन कोटींचं मांडूळ जप्त" हा मथळा म्हणजे फुकटची जाहिरात. ती किंमत आरोपीनं सांगितलेली असते. तिला बाजारभाव म्हणून छापलं की दुसऱ्या दिवशी चार तरुण बॅटरी घेऊन माळावर निघतात. मथळ्यात किंमत नको, शिक्षा लिहा.

हत्ताजोडीचंही तसंच. दुर्मिळ झाडाचं मूळ म्हणून पूजेच्या सामानात आणि ऑनलाइन विकली जाणारी ही वस्तू प्रत्यक्षात घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय असते. खवले मांजराचे खवले तर आपल्या नखांसारखेच केराटिनचे. औषध म्हणून नखं उगाळून प्यायल्यासारखं ते आहे. घोरपड आणि खवले मांजर दोन्ही अनुसूची १ मध्ये येतात. या अनुसूचीतल्या प्राण्याच्या गुन्ह्याला किमान ३ वर्षं आणि कमाल ७ वर्षं कैद आहे. घरात देवघरात ठेवलेली हत्ताजोडी "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणून सुटत नाही.

सापांबद्दलचे कोणते गैरसमज सगळ्यात महाग पडतात?

बदला घेणारा नाग, नागमणी, गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिणारी धामण या गोष्टींमुळे साप मरतात. सापाला चोखता येतच नाही आणि त्याचे दात आत वळलेले असतात. ते लागले तर गाय उभी राहील का? धामण मारणारा शेतकरी पुढच्या हंगामात उंदरांनी पोती फोडली म्हणून औषध आणतो.

माणसं मरतात ती चावल्यानंतरच्या चुकीच्या माहितीनं. आवळून बांधणं, ब्लेडनं कापणं, तोंडानं ओढणं, बर्फ लावणं, मांत्रिक: यातलं काहीच करायचं नाही. अंगठी, कडं, जोडवी काढा, चावलेला अवयव हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात. साप पकडून किंवा मारून नेण्याची गरज नाही.

मण्यारीबद्दल वेगळं सांगायला हवं. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत जवळजवळ नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात आणि घरचे "पित्त झालं" म्हणतात. तेवढ्यात वेळ जातो. मण्यारीसारखा दिसणारा कवड्या बिनविषारी आहे. कवड्याचे पट्टे मानेजवळून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात, मण्यारीचे बहुधा जोडीनं असतात आणि शेपटीकडे ठळक होतात. ही ओळख सापाला न मारण्यासाठी वापरा, दवाखान्यात न जाण्यासाठी नाही.

वटवाघळांमुळे कोरोना आणि निपाह येतो म्हणून सोसायटीतलं झाड तोडायचं ठरतंय.

नका तोडू. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं २०२० मध्ये दोन प्रकारच्या वटवाघळांत कोरोना गटातला विषाणू सापडल्याचं प्रसिद्ध केलं, पण तो कोविडचा विषाणू नव्हता. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा मिळाल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. बातम्या खऱ्या, त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा. काळजी एवढीच: उष्टी, टोचलेली फळं खायची नाहीत, मेलेलं किंवा पडलेलं वटवाघूळ उघड्या हातानं उचलायचं नाही. फटाके लावून थवा उठवला तर तो चार नव्या ठिकाणी जाऊन बसेल.

मोबाइल टॉवरमुळे चिमण्या संपल्या ना?

असं सिद्ध झालेलं नाही. २०२०च्या देशव्यापी पक्षी अहवालात चिमणीची एकूण संख्या स्थिर दिसली, घट दिसली ती मोठ्या महानगरांत. घरट्याला वळचण नाही, पिल्लांना भरवायला अळ्या-किडे नाहीत, ही कारणं बघा. टॉवरला नावं ठेवून अंगणात कीटकनाशक फवारणं सोपं असतं.

माळावर झाडं लावली तर वन्यजीवांचं भलंच होईल, नाही का?

हा गैरसमज कुठल्या ग्रुपवर जन्मला नाही, सरकारी कागदावर जन्मला. गवताळ माळांना इंग्रजांच्या काळापासून पडीक म्हटलं गेलं, कारण त्यातून महसूल येत नव्हता. तोच शब्द आजही नकाशांत आहे. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यासाठी आहे आणि चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक पक्षी यांना उघडा माळच लागतो. तिथे खड्डे घेऊन ओळीनं झाडं लावली की गवत जातं, लांब बघून पळणाऱ्याला आडोसा शत्रूचा होतो आणि मेंढपाळांची चराईही जाते. पुण्याच्या टेकड्यांवर लावलेल्या ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाखाली दुसरं काय उगवतं, ते वेताळ टेकडीवर स्वतः बघा. वृक्षारोपणाचं निमंत्रण आलं तर विचारा: इथे आधी काय होतं? आधी गवत असेल तर रोपं दुसरीकडे न्या.

आम्ही फक्त खरे फोटो टाकतो, तेही लोकेशनसकट. त्यात काय वाईट?

लांडग्याची गुहा, तरसाची बीळ, घुबडाचं घरटं यांचं ठिकाण खरं असणं हाच धोका. शनिवारी फोटो पडतो, रविवारी सासवडच्या माळावर दहा गाड्या उभ्या असतात. मादी पिल्लं तोंडात धरून भर उन्हात दुसरीकडे हलवते, त्यात काही मरतात. फोटो टाकायचा तर निदान पिल्लं मोठी झाल्यावर, फोनमधलं लोकेशन बंद करून, "पुणे जिल्हा" एवढंच लिहून. मागे ओळखू येणारं देऊळ किंवा पवनचक्की दिसत असेल तर ती कापा.

जनावर मारलं तरी भरपाई मिळत नाही म्हणतात. मग शेतकऱ्यानं काय करायचं?

ही अफवा मेलेल्या शेळीत विष भरायला लावते आणि त्या विषानं बिबट्याबरोबर कुत्री, तरस, घारी सगळेच जातात. भरपाई मिळते, पण पंचनाम्याशिवाय नाही. घटनेनंतर ४८ तासांच्या आत वनरक्षक किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवा, मेलेलं जनावर जागेवरून हलवू नका, फोटो काढून ठेवा. पशुवैद्यकाचा दाखला, सातबारा किंवा रहिवासाचा पुरावा, बँक पासबुक तयार ठेवा. रक्कम बाजारभावाच्या ७५ टक्क्यांवर ठरते, तिला कमाल मर्यादा असते आणि ती शासन निर्णयानुसार बदलते. बहुतेक अर्ज अडकतात ते जनावर आधीच पुरल्यामुळे.

मी ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे. खोटी पोस्ट आली तर काय लिहू?

आधी ती पोस्ट सगळ्यांसाठी डिलीट करा, मग टाकणाऱ्याला वेगळा फोन करा. चारचौघांत काकांना खोटं पाडलं की ते ती आणखी तीन ग्रुपवर टाकतात. लोकांत भीती पसरवणारी खोटी माहिती पसरवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली कारवाई होऊ शकते, हे फोनवर सौम्यपणे सांगा. दुरुस्ती लिहिताना खोटा फोटो पुन्हा जोडू नका, त्यावर लाल फुली मारूनही नाही, कारण लोकांच्या लक्षात फोटो राहतो. खरी गोष्ट आधी लिहा. नमुना असा:

"आपल्या परिसरात बिबट्या दिसल्याची नोंद वन विभागाकडे नाही, आज सायंकाळी ७ वाजता १९२६ वर विचारून खात्री केली आहे. सकाळी आलेला व्हिडिओ दुसऱ्या ठिकाणचा, जुना आहे. पुढे पाठवू नये. कुणी स्वतः काही पाहिलं असेल तर ग्रुपवर न टाकता १९२६ ला कळवावं आणि मला फोन करावा."

वेळ लिहायला विसरू नका. उद्या खरंच नोंद झाली, तर हाच मेसेज जुना होऊन फिरत राहील.